तलंगा अनुदानात मिळतील, पण दाण्याचं काय? परसातल्या कोंबडीचा हिशोब बदलतोय

देवरूख : गावठी कोंबडीला खर्च काय येतो? दिवसभर परड्यात फिरते, मिळेल ते टिपते, तिन्हीसांजेला खुराड्यात येते. संगमेश्वर तालुक्यात वर्षानुवर्षे असाच हिशोब चालत आलाय. गौरीच्या तिखटाला, शिमग्याला, राखणीला कोंबडा घरचाच. अंड्यांचे चार पैसे बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतात. म्हणून हा धंदा छोटा दिसला तरी घराला लागतो.

हा हिशोब आता दोन्ही बाजूंनी बिघडत चाललाय. अंगणातलं फुकटचं खाणं कमी होतंय, आणि विकतच्या दाण्याचा भाव आपल्या हातात राहिलेला नाही.

फुकटचं खाणं कुठे गेलं?

कोंबडी जगायची ती तीन गोष्टींवर. खळ्यावर सांडलेलं भात, घरच्या भाताची कणी-कोंडा आणि गोठ्यामागच्या उकिरड्यातले किडे-अळ्या. आज माकडं आणि रानडुकरांच्या त्रासाने अनेकांनी शेती सोडली, घरातली तरणी माणसं मुंबईला गेली, जमिनी पड राहिल्या. भात नाही तर कणी नाही. गुरं विकली की शेण नाही, आणि शेण नाही तर उकिरड्यात किडेही नाहीत. आंबा-काजूच्या बागेत फवारणी झाली की तिथले मेलेले किडे कोंबडीला विषच.

त्यात आपला पाऊस. आषाढ-श्रावणात किडे भरपूर, पण संततधारेत कोंबडी बाहेर पडत नाही. दिवाळीच्या आसपास कापणी झाली की दाणा मिळतो. माघापासून वैशाखापर्यंत जमीन कडक होते, किडे खोल जातात. नेमकं तेव्हाच अंडी कमी होतात आणि आपण म्हणतो, कोंबडी बसली.

विकतच्या दाण्याचं गणित

कुक्कुटपालनाच्या एकूण खर्चात खाद्याचा वाटा ६० ते ६५ टक्के असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने कणीची निर्यात बंद केली, तेव्हा पशुखाद्य महागल्याचं कारणही सांगितलं होतं. ती बंदी मार्च २०२५ मध्ये उठली. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि कारखाने मक्याकडे वळले. मका महागला. जून २०२४ मध्ये सुमारे ५ लाख टन मका कमी शुल्कात आयात करायला सरकारने परवानगी दिली. मक्याचा हमीभाव २०२३-२४ मध्ये क्विंटलला २,०९० रुपये होता, २०२५-२६ साठी तो २,४०० झाला.

मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याला दोन पैसे मिळाले, ते चांगलंच. पण आपल्याकडे मका पिकत नाही, विकतच घ्यावा लागतो. गाडीच्या टाकीत जाणारं इथेनॉल आणि आपल्या कोंबडीचा दाणा एकाच पोत्यातून निघतो, ही आजची स्थिती आहे.

योजनेतल्या पक्ष्यांची भूक वेगळी

पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत ८ ते १० आठवड्यांच्या २५ तलंगा आणि ३ नर ५० टक्के अनुदानावर मिळतात. योजना चांगली आहे. पण हे पक्षी सुधारित जातीचे. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी देते, ग्रामप्रियासारखी जात दीडशेच्या पुढे जाते. जास्त अंडी म्हणजे जास्त खाणं. नुसतं मोकळं सोडून ती अंडी मिळत नाहीत.

हिशोब करून बघा. २८ पक्षी, प्रत्येकी दिवसाला ११० ग्रॅम, म्हणजे महिन्याला सुमारे ९२ किलो. किलोला ३५ रुपये धरले तर ३,२०० रुपये झाले. दिवसभर चरायला सोडून संध्याकाळी फक्त ४५ ग्रॅम दिले तर महिन्याला ३८ किलो, म्हणजे १,३०० रुपयांच्या आसपास. हा १,९०० रुपयांचा फरक म्हणजे तुमच्या परड्याची किंमत. परडं छोटं असेल, शेजारी कुत्रं असेल, मुंगूस नि घारीची भीती असेल, तर हे पैसे खिशातूनच जाणार. योजनेत २८ पक्षी आहेत म्हणून आपल्या जागेत २८ मावतीलच असं नाही. आधी १० ठेवून बघावेत.

घरच्या घरी काय करता येईल?

१० किलो जोडखाद्यासाठी साधा मेळ असा : कणी किंवा मका ५ किलो, कोंडा २ किलो, सोया पेंड २ किलो, सुक्या मासळीचा चुरा अर्धा किलो, शिंपल्यांचा चुरा अर्धा किलो. शिंपले आपल्या जिल्ह्यात भरपूर, ते भाजून कुटावेत. अंड्याचं कवच त्याने घट्ट होतं. मासळी मात्र बिनखारी हवी, खारवलेल्या मासळीने कोंबड्या मरतात. हे खाद्य अंड्यावरच्या पक्ष्यांसाठी आहे. लहान पिल्लांना पहिले सहा आठवडे पिल्लांचंच खाद्य द्या.

दाणा सकाळी देऊ नका, संध्याकाळी द्या. सकाळीच पोट भरलं तर कोंबडी चरत नाही. मडक्यात शेण आणि गवत भरून ते वारुळाजवळ पालथं ठेवलं की रात्रीत वाळवी चढते. पिल्लांना ती उत्तम.

पावसाळ्यात पोतं जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा. दमट मक्यावर बुरशी येते आणि तिच्या विषाने पक्षी दगावतात. बदकं तर या विषाला सर्वांत आधी बळी पडतात. हल्ली काहीजण बदकं पाळू लागलेत. पाणथळ जागा असेल तर गोगलगायी, किडे, शेवाळ खाऊन ती छान वाढतात. पण बर्ड फ्लूचा विषाणू बदकाच्या अंगात लक्षण न दाखवताही राहू शकतो. म्हणून बदकं आणि कोंबड्या एका खुराड्यात नकोत, पाण्याचं भांडंही वेगळं हवं.

बर्ड फ्लू लांबचा नाही

जानेवारी २०२१ मध्ये दापोलीत मेलेल्या कावळ्यांत हा रोग सापडला होता. जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरला कोंबड्यांत आला. रोग ठरला की १ किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करतात, त्यात परसातलेही आले. भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून मर दिसली की लपवू नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. चिकनच्या दुकानातली घाण रस्त्याकडेला पडते, तिथे कोंबड्या सोडू नका.

मागणी काय करायची?

देशात परसातल्या पक्ष्यांची संख्या २०१९ च्या पशुगणनेत ३१.७ कोटी होती, आधीच्या गणनेपेक्षा ४५.८ टक्क्यांनी जास्त. पक्षी वाढवणं सरकारला जमलं आहे. आता प्रश्न दाण्याचा आहे. तलंगांसोबत पहिल्या उन्हाळ्याचं खाद्य मिळावं, आणि देवरूख, साखरपा, संगमेश्वर इथे बचत गटांना खाद्य दळून-मिसळून विकायला यंत्र मिळावं. ग्रामसभेत लाभार्थ्यांची यादी वाचली जाते, त्याच सभेत हे दोन मुद्दे लिहून द्या. नाहीतर तलंगा येतील, उन्हाळ्यात दाणा परवडणार नाही, आणि शिमग्यापर्यंत खुराडं पुन्हा रिकामं.