मुरणे आणि पडून राहणे

स्पेनच्या उत्तरेकडील रिओहा प्रांतात तयार होणाऱ्या पारंपरिक तांबड्या वाइनविषयी लिहिणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक वर्षे मोजतो, दुसरा गुण देतो. दोघांत हाडवैर आहे. पण वाइन चाखण्याचे कष्ट दोघेही सारखेच टाळतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिल्या पंथाचा सारा भरवसा बाटलीवरच्या चिठ्ठीवर. तांबड्या क्रियांसाला किमान २ वर्षे, त्यांपैकी १ वर्ष ओकच्या पिंपात. रेसेर्वाला ३ वर्षे, पिंपात तेच किमान १. ग्रान रेसेर्वाला ५ वर्षे, त्यांतली किमान २ पिंपात आणि २ बाटलीत, असा नियम आहे. ही शुद्ध कालगणना झाली. आरो गावातील लोपेस दे एरेदिया हे १८७७ साली स्थापन झालेले घराणे आपली तोंदोनिया रेसेर्वा पिंपात सुमारे ६ वर्षे ठेवते. नियमापुरते १ वर्ष ठेवलेल्या दुसऱ्या कोणाच्या वाइनवरही रेसेर्वा हाच शब्द छापलेला असतो. एवढे अंतर पोटात घेणाऱ्या शब्दावर विसंबून आस्वाद कसला घ्यायचा?

मुरणे आणि पडून राहणे यांतला भेद लोणचे घालणाऱ्या कोणत्याही घराला ठाऊक असतो. लाकडातून अगदी थोडी हवा आत झिरपते. तुरट द्रव्ये आणि रंगद्रव्ये एकमेकांत गुंततात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. ठरावीक काळाने वाइन एका पिंपातून दुसऱ्यात ओतून गाळ मागे ठेवतात. तुरटपणा मवाळ होतो, गडद रंग विटकरीकडे झुकतो. ताज्या फळांच्या गंधाची जागा सुकी पाने, चामडे, तंबाखू यांच्या गंधछटा घेतात. पण मुळात आम्लता आणि फळाचा कस नसेल, तर तीच वर्षे त्या वाइनला मारतात. मग परंपरेचे भक्त त्या निस्तेज, आंबूस द्रवालाही ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणून नमस्कार करतात. ही रसिकता नव्हे, वयाची भीड आहे.

दुसरा पंथ स्वतःला आधुनिक म्हणवतो. अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी १९७८ साली पत्रिका सुरू केली आणि वाइनला १०० पैकी गुण देण्याची पद्धत रूढ केली. १९९० च्या दशकात रिओहातील अनेक उत्पादक गडद, दाट, नव्या फ्रेंच ओकचा वास मिरवणाऱ्या वाइनकडे वळले. त्या शैलीला आमचा विरोध नाही. तिच्यातही उत्तम वाइन आहेत. विरोध आहे तो घोटाभर चाखून, थुंकून, शेजारच्या पेल्याकडे वळणाऱ्या परीक्षणपद्धतीला. त्या रांगेत दाट आणि झगझगीत ते आधी उठून दिसते. फिकट, संथ वाइन पेल्यात तासाभराने बोलू लागते. तोवर परीक्षकाची वही मिटलेली असते. उत्तरपत्रिका तपासण्यात आमची उमेद गेली आहे. गुण देणे म्हणजे वाचणे नव्हे, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

या भांडणात ‘परंपरा’ हा शब्दही फार सैल वापरला जातो. ज्या पिंपाची पूजा बांधली जाते, ते २२५ लिटरचे पिंप बोर्दोच्या घडणीचे. लुसियानो मुरिएता यांनी बोर्दोची रीत १८५० च्या सुमारास रिओहात आणली. पुढे फिलॉक्सेरा किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, तेव्हा वाइन शोधत फ्रेंच व्यापारी येथे आले आणि ही रीत पक्की झाली. पिंपाचे लाकूड बहुधा अमेरिकी ओकचे. म्हणजे ही सनातन परंपराही एकेकाळची उसनी आधुनिकताच. उसनी म्हणून ती खोटी ठरत नाही. पण जुनी म्हणून पवित्रही ठरत नाही.

आपल्या समीक्षेने ‘आस्वाद’ हा शब्द जिभेकडूनच घेतला आहे. म्हणून जिभेचे प्रश्न तिने विसरू नयेत. आम्लता अजून ताठ आहे का? लाकडाखाली फळ शिल्लक आहे का? पहिल्या घोटानंतर तिसरा वेगळे काही सांगतो का? या प्रश्नांना बसल्या जागी, वेळ देऊन सामोरे जावे लागते. चिठ्ठी वर्षे सांगेल, परीक्षक आकडा सांगेल. त्या वर्षांचे वाइनमध्ये काय झाले, हे चाखणाऱ्यालाच सांगावे लागेल.