टक्क्यांच्या बाजारात आमचा संगणक कुठे?

संगणकाच्या बाजारातल्या वाट्याचे आकडे हल्ली कुणीही तोंडावर फेकतो. विंडोज इतके टक्के, लिनक्स इतके, म्हणून हेच घ्या, मुलांना हेच शिकवा. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीचे मोफत अपडेट थांबवले आणि आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या एका अभ्यासिकेपुढे प्रश्न उभा राहिला. आठ संगणक आहेत, चालतात, पण विंडोज ११ त्यांवर चढत नाही. भंगारात द्यायचे, की लिनक्स टाकून आणखी काही वर्षं वापरायचे? मी लिनक्सचं नाव काढताच समोरून मोबाइलवरचा आलेख पुढे आला. "भाई, हे वापरतंच कोण?" नव्या मशिनींसाठी चंदा गोळा करायचा विचार त्या एका आलेखावर पक्का होत होता. तो चंदा हातगाडीवाल्यांच्या आणि शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या खिशातून येतो, म्हणून हे लिहितो आहे.

आलेख मोजतो काय, हे आधी विचारायला हवं. आयडीसीसारख्या संस्था दर तिमाहीला कंपन्यांकडून बाजारात गेलेले नवे संगणक मोजतात. आमच्याकडे संगणक येतो तो नागपूरहून, सेकंडहँड, कुठल्याशा कंपनीने तीन-चार वर्षं वापरून काढून टाकलेला. नवा होता तेव्हा तो एकदा मोजला गेला. पुढे आमच्या पोरांनी त्यावर सहा वर्षं काढली तरी त्या हिशेबात ती शून्य. याउलट २०१३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने विद्यार्थ्यांना वाटायला एचपीकडून सुमारे १५ लाख लॅपटॉप घेतले. एवढ्या एका ऑर्डरने देशाच्या बाजारातला वाटा हलतो. त्यातला एकही लॅपटॉप विद्यार्थ्याने दुकानात जाऊन निवडलेला नव्हता.

स्टॅटकाउंटरचा हिशेब वेगळा, आणि बैठकीतला आलेख त्याचाच होता. ज्या वेबसाइटांवर त्यांचा कोड आहे, तिथली पानं कुठल्या यंत्रणेवरून किती वेळा उघडली, हे ते मोजतात. ना माणसं, ना यंत्रं. लग्नपत्रिका छापणारं गावातलं डीटीपीचं दुकान घ्या. मराठीसाठी श्रीलिपी, उर्दूसाठी इनपेज, दोन्ही जुन्या विंडोजवर, आणि व्हायरसच्या भीतीने इंटरनेटची वायर काढलेली. दिवसाचे दहा तास चालणारं हे यंत्र स्टॅटकाउंटरला दिसतच नाही. दिवसभर बातम्या चाळणारा ऑफिसातला एक बाबू मात्र शंभरदा दिसतो.

आता माझ्याच बाजूचा आकडा. २०२४ मध्ये स्टॅटकाउंटरवर भारतातल्या डेस्कटॉपवरचा लिनक्सचा वाटा १५ टक्क्यांच्या वर गेला. लिनक्सवाल्यांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. मी तो आकडा बैठकीत काढला नाही. शिष्यवृत्तीचा फॉर्म मोबाइलवर नीट उघडत नाही, तेव्हा पोरं काय करतात? क्रोममध्ये 'डेस्कटॉप साइट'वर टिक. त्या क्षणी अँड्रॉइडचा फोन समोरच्या वेबसाइटला आपली ओळख लिनक्सचा संगणक अशी देतो. त्या १५ मध्ये असे फोन किती, हे आलेख सांगत नाही. विंडोज ११ सुद्धा जुन्या पद्धतीच्या ओळखीत स्वतःला १० च म्हणवतो. मोजणाऱ्याने दुसरी खूण शोधली नाही, तर ११ वाला १० च्या खात्यात.

तरीही समजा, आकडा अगदी बरोबर आहे. मग तो आवड सांगतो का? महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी आहे. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागतं आणि शिकवलं जातं विंडोज आणि एमएस ऑफिस. दोन पिढ्यांना एकच दार दाखवायचं आणि नंतर सगळे त्याच दारातून जातात असं मोजून सांगायचं! केरळच्या सरकारी शाळांनी लिनक्स घेतलं आणि तिथली मुलं त्यावरच शिकली. फरक मुलांच्या पसंतीत नव्हता, मंत्रालयाच्या निर्णयात होता. ज्या वर्ध्यात १९३७ साली परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसैन यांच्या समितीने हाताला काम देऊन शिकवण्याची योजना मांडली, तिथे मुलांनी कशावर शिकावं हे टक्केवारीने ठरावं, याचं मला वाईट वाटतं. आणि टक्केच हवे असतील तर फोनही धरा की. मग या देशात पहिला नंबर अँड्रॉइडचा लागतो, जो लिनक्सच्याच गाभ्यावर उभा आहे, आणि विंडोज बराच मागे पडतो.

अभ्यासिकेत मोजायचंच असेल तर एक वही ठेवा. महिनाभर कोण कशासाठी बसलं ते लिहा. माझ्या पाहण्यात चार कामं आहेत: फॉर्म भरणं, पीडीएफ वाचणं, व्हिडिओवरचे तास ऐकणं, मराठी-उर्दू टायपिंग. ही चारही लिनक्सवर होतात. इनपेजच्या फाइली होत नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी एक मशीन विंडोजवरच राहू द्या, इंटरनेटशिवाय. उरलेल्या सातांचा निर्णय वही पाहून करा, चंद्याची पावतीपुस्तकं त्यानंतर छापा.