अपघाताची पुनर्रचना कोणासाठी?

कोलकात्याच्या फोर्ट विल्यमचे नाव लष्कराने बदलून ‘विजय दुर्ग’ केल्याची बातमी फेब्रुवारी २०२५ मध्ये आली, तेव्हा मराठी वाचकाला तिचे अप्रूप वाटणे स्वाभाविक होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मराठ्यांच्या सागरी किल्ल्यावरून घेतलेले हे नाव आता लष्कराच्या पूर्व कमांडचे मुख्यालय मिरवत आहे; सेंट जॉर्ज दरवाजाही शिवाजी दरवाजा झाला आहे. प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी हा किल्ला नव्याने बांधला, तेव्हा तोफांच्या माऱ्यात आडोसा येऊ नये म्हणून भोवतालची भूमी मोकळी राखली. तेच आजचे मैदान. त्यातून जाणारा रेड रोड इतका सरळ व प्रशस्त आहे की दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची धावपट्टी म्हणून त्याचा वापर झाला.

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची तालीम याच रस्त्यावर होते. १३ जानेवारी २०१६ रोजी सकाळी अशी तालीम चालू असताना एक भरधाव आलिशान मोटार पोलिसांचे अडथळे उडवीत आत शिरली आणि वायुसेनेचा एक तरुण कॉर्पोरल तिच्या धडकेने मृत्युमुखी पडला. शेकडो सैनिक आणि पोलीस तेथे हजर होते. तरीही मोटार टाकून चालक निघून गेल्यावर तपासासमोर उभे राहिले ते प्रश्न अगदी प्राथमिक होते : चाकामागे कोण होते, आत किती जण होते, वेग किती होता? एवढ्या डोळ्यांसमोर घडलेल्या घटनेची ही स्थिती, तर रात्री दोन वाजता निर्जन हमरस्त्यावर घडलेल्या अपघाताची काय कथा!

साक्षीदार खोटेच बोलतो असे नाही. धडकेचा सारा प्रसंग सेकंदाच्या काही अंशांत संपतो. माणूस आवाज ऐकून मान वळवतो आणि मधली पोकळी मन नंतर भरून काढते. म्हणूनच गेल्या काही दशकांत निर्जीव साक्षीदारांना महत्त्व आले. रस्त्यावर घासलेल्या टायरची खूण, चेपलेल्या पत्र्याची खोली, काचांच्या तुकड्यांचा फैलाव, वाहने कोठे येऊन थांबली ते स्थान यांवरून गतिशास्त्राच्या नियमांनी धडकेचा क्रम मागे मागे उलगडत नेता येतो. अलीकडे त्यात त्रिमिती लेसर यंत्राने घेतलेली घटनास्थळाची मोजमापे आणि संगणकावर तयार केलेले चलच्चित्र यांची भर पडली आहे.

यातले मूळ गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राचेच आहे. समजा, थांबण्यापूर्वी वाहनाची चाके कोरड्या डांबरी रस्त्यावर ३० मीटर घासत गेली. घर्षणांक ०.७ धरला तर घासण्याच्या प्रारंभी वेग ताशी सुमारे ७३ किलोमीटर येतो. रस्ता ओला असल्याने घर्षणांक ०.४ धरावा लागला, तर तीच खूण ताशी ५५ किलोमीटर सांगते. वेगमर्यादा ६० असेल तर एकच खूण एका उत्तरात चालकाला दोषी ठरवते आणि दुसऱ्यात सोडून देते. रस्ता त्या वेळी ओला होता की कोरडा, ही पंचनाम्यातली एक ओळ किती मोलाची असते ते यावरून कळावे. ती ओळ कित्येकदा लिहिलीच जात नाही. शिवाय आधुनिक गाड्यांत चाके जाम होऊ न देणारी ब्रेकव्यवस्था असल्याने टायरच्या खुणाही पूर्वीसारख्या ठळक उमटत नाहीत.

त्यांची उणीव काही प्रमाणात गाडीच्या पोटातले यंत्र भरून काढते. एअरबॅगच्या नियंत्रकाशी जोडलेला ‘इव्हेंट डेटा रेकॉर्डर’ साधारणपणे धडकेपूर्वीच्या पाच सेकंदांतील वेग, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांची नोंद ठेवतो. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा हा शब्द मराठी वृत्तपत्रांतून घरोघर पोहोचला. गाडीचा वेग ताशी १०० किलोमीटर होता, धडकेच्या पाच सेकंद आधी ब्रेक दाबला गेला आणि धडकेच्या क्षणी वेग ८९ होता, असे कंपनीने तपासयंत्रणेला कळविल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. हा आकडा वाचून बहुतेकांचे समाधान झाले. वास्तविक प्रश्न तिथून सुरू व्हायला हवा होता. कोरड्या रस्त्यावर पूर्ण ताकदीने ब्रेक लावल्यास पाच सेकंदांत अशी मोटार जवळजवळ थांबतेच. मग वेग केवळ ११ किलोमीटरनेच का उतरला? ब्रेक हलका दाबला होता, की सुटून पुन्हा दाबला गेला? नोंद ही साक्ष असते. तिचा अर्थ लावायला रस्त्याची मोजमापे जवळ असावी लागतात. त्याच जागी तीन मार्गिकांचा रस्ता पुलापाशी दोन मार्गिकांचा होतो, याचीही तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेले कलम १९८अ रस्त्याच्या सदोष रचनेबद्दल संबंधित यंत्रणेला व कंत्राटदाराला दंडपात्र ठरवते. पण असा दोष सिद्ध करायचा तर तो केवळ चालकाच्या जबाबातून होणार नाही.

‘चाकामागे कोण’ हा प्रश्नही या शास्त्राने सुटू शकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कोलकात्यातच, मैदानापासून जवळच असलेल्या शेक्सपिअर सरणीवर, एका जॅग्वार मोटारीच्या धडकेतून झालेल्या अपघातात पावसापासून आडोशाला उभे असलेले दोन बांगलादेशी नागरिक मरण पावले. पोलिसांनी एका तरुणाला अटक केली. पुढे त्याच्या अंगावर, फुगलेल्या एअरबॅगमुळे चालकाला व्हाव्यात तशा जखमा नसल्याचे लक्षात आले आणि तपासाची दिशा बदलून त्याच्या थोरल्या भावाकडे वळली. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्यानंतर रक्ताचे नमुने बदलल्याचा आणि दोष चालकाने आपल्या माथी घ्यावा म्हणून त्याच्यावर दबाव आणल्याचा आरोप झाला. अपघाताची संगणकीय पुनर्रचना करण्याचे पुणे पोलिसांनी तेव्हा जाहीर केले. नमुन्याची कुपी बदलता येते. वाकलेल्या पत्र्याची खोली बदलणे तितके सोपे नाही.

परंतु चलच्चित्राच्या मोहापासून सावध राहणेही तितकेच आवश्यक आहे. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी इथे वेगळ्या कराव्या लागतात. एकात वस्तुमान, घर्षण, वेग यांची माहिती संगणकाला पुरवली जाते आणि वाहन कोठे जाईल हे गणित ठरवते. दुसऱ्यात निष्कर्ष आधीच ठरलेला असतो आणि चित्रकार त्याबरहुकूम वाहने हलवतो. पडद्यावर दोन्ही सारखीच गुळगुळीत दिसतात. न्यूयॉर्कमधील एका न्यायालयाने मोटार अपघाताची संगणकीय पुनर्रचना १९८४ सालीच ग्राह्य मानली होती. अमेरिकेत पुढे तज्ज्ञाचे मत समजावून सांगणारे चित्र आणि स्वतःच पुरावा म्हणून मांडलेले गणित यांत भेद केला जाऊ लागला. आपल्याकडेही तो आग्रहाने करायला हवा. चित्र आकाशातून दाखवले की पादचारी स्पष्ट दिसतो; चालकाच्या आसनावरून, समोरच्या दिव्यांच्या झगझगाटात तो दिसला असता का, हा प्रश्न झाकला जातो. म्हणून न्यायालयापुढे चित्राबरोबर गृहीतकांचा तक्ता आला पाहिजे, आणि वेग ‘७३’ असा एकच आकडा न देता ‘६८ ते ७८’ असा पल्ला दिला पाहिजे. सिनेमा पाहून निकाल लागू नये. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीला प्रमाणपत्र लागते. पण ते नोंदीच्या अस्सलपणाचे असते, गृहीतकांच्या खरेपणाचे नव्हे.

तथापि, सर्वांत मोठी त्रुटी तंत्रात नाही. वर आलेली सारी उदाहरणे पाहावीत : ऑडी, मर्सिडीज, जॅग्वार, पोर्शे. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत सर्वाधिक वाटा दुचाकीस्वारांचा आणि त्याखालोखाल पादचाऱ्यांचा होता. त्यांच्या वाहनात नोंद ठेवणारे यंत्र नसते, पादचाऱ्याजवळ तर वाहनच नसते. त्यांच्या मृत्यूचा पुरावा म्हणजे पंचनामा आणि हाताने काढलेला कच्चा नकाशा. त्या नकाशाच्या आधारे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मृताचा ‘सहभागी निष्काळजीपणा’ किती टक्के, यावर वाद होतो. तो ३० टक्के ठरला तर कुटुंबाच्या नुकसानभरपाईतून तेवढी रक्कम वजा होते. घरातला एकमेव कमावता माणूस गेलेला असताना, गृहकर्जाचे हप्ते उभे असताना, ही टक्केवारी म्हणजे मुलांचे शिक्षण किंवा डोक्यावरचे छप्पर असते. मृताला आपली बाजू मांडता येत नाही. त्याच्या वतीने बोलू शकली असती ती मोजमापे, आणि तीच घेतलेली नसतात.

कायदाही येथे विचित्र ठिकाणी थांबला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक करण्यात आले आणि त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत मिळाली. निष्काळजीपणामुळे घडलेल्या मृत्यूस भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली कमाल शिक्षा पाच वर्षांची आहे. म्हणजे सर्वसामान्य अपघाती मृत्यू या सक्तीच्या बाहेरच राहतो. प्रकरण गाजले, सदोष मनुष्यवधाचे कलम लागले, तरच तज्ज्ञ येणार!

प्रत्येक अपघाताचे चलच्चित्र करणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. गरज आहे ती पहिल्या तासातल्या नोंदींची. मोजपट्टी, खडू आणि मोबाइलचा कॅमेरा यांनी टायरच्या खुणेची लांबी, रस्त्याचा ओलेपणा, वाहनांची थांबलेली स्थिती आणि जवळच्या खांबापासूनचे अंतर टिपता येते. एकदा क्रेनने वाहने हलवली आणि पाऊस पडला की जगातली कोणतीही संगणक प्रणाली ती परत आणू शकत नाही. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे देण्याचे नियम आहेत. त्या सविस्तर अहवालात ही चार मोजमापे छायाचित्रांसह सक्तीची करावीत, आणि त्यांची प्रत वारसांना न मागता मिळावी. गाडीतली नोंद वाचण्याचे साधनही केवळ उत्पादकाच्या हाती असू नये. अमेरिकेच्या नियमांनी ते बाजारात उपलब्ध ठेवणे उत्पादकांवर बंधनकारक केले आहे. ज्याच्या गाडीवर संशय आहे त्यानेच तिची साक्ष वाचून दाखवायची, ही व्यवस्था कोणत्याही न्यायालयाला रुचू नये.