खुडलेल्या भाजीचे आयुष्य

पालेभाजी खुडली म्हणजे तिचे जीवन संपले, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. खुडलेले पानही श्वसन करीतच असते. फरक इतकाच की, मुळांकडून येणारे पाणी थांबलेले असते आणि टोपलीच्या अंधारात नवी साखर सिद्ध करणे त्याला शक्य नसते. मग ते पदरच्या साठ्यावर जगते. आधी साखर खर्ची पडते, पुढे प्रथिनांवर पाळी येते. हरितद्रव्यही विघटन पावते आणि त्याच्याआड प्रथमपासूनच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. मेथी पिवळी दिसू लागते ती अशी.

तथापि पिवळेपणाची वाट पाहणे हा सुगरणपणा नव्हे. ‘क’ जीवनसत्त्व त्याच्या कितीतरी आधी नाहीसे होऊ लागते. उन्हाळ्यात पालक दोन-तीन दिवस उघडा राहिला, तर तो हिरवा दिसत असूनही त्यातील या जीवनसत्त्वाचा बराच भाग गेलेला असतो. उष्णमान १० अंशांनी वाढले की पानाचे श्वसन सुमारे दुपटी-तिपटीने वाढते. म्हणून सकाळच्या गारव्यात खुडलेली भाजी ओलसर फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवण्याची जुनी रीत शास्त्राला धरूनच आहे. पिकत्या केळ्यांचा घड मात्र तिच्या शेजारी नसावा. त्यातून निघणारा इथिलीन वायू पाने लवकर पिवळी करतो.

याहून गंभीर गोष्ट तान्ह्या बाळाची. पालकात नायट्रेट नावाचा क्षार पुष्कळ असतो. तो स्वतः फारसा अपायकारक नाही. परंतु भाजी शिजवून, वाटून उबेत ठेवली की जंतू त्याचे नायट्राइट बनवितात. नायट्राइटमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते व बाळाचे ओठ, नखे निळसर पडतात. १९६० च्या दशकात जर्मनीत शिळा पालक खाऊन अर्भकांना अशी बाधा झाल्याची नोंद आहे. मोठ्या माणसांना ही भीती सहसा नसते. वर्षाच्या आतील मुलांना असते.

तेव्हा मातांनी बाळासाठी त्या वेळेपुरतीच भाजी शिजवावी. सकाळी वाटलेला पालक सांजेला उरला, तर तो टाकावा. अन्न टाकताना जीव हळहळतो हे आम्ही जाणतो. पण येथे काटकसर नको. आणि बाळ निळसर दिसू लागले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.