चाळिशीनंतरची सायकल

"डॉक्टर, या वयात आणि या देहाने सायकल? लोक हसतील!" वजन उतरवण्यासाठी सायकल सुचवली की हे उत्तर हमखास मिळते. बारामती-इंदापूर भागात एके काळी साखर कारखान्यातले कामगार, शिक्षक, पोस्टमन सायकलवरूनच कामावर जात. पुढे उसाच्या पैशाने दारात मोटारसायकल आली आणि सायकल शाळकरी मुलांपुरती उरली. आता बांधावरचा फेराही गाडीवरून होतो. अंगमेहनत घटली, खाणे मात्र घटले नाही.

परिणाम समोर आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

आपल्या लोकांचा धोका वजनकाट्यावर पुरता दिसत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणून घरात शिंप्याची टेप ठेवा. खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध मोजल्यावर पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या (सुमारे साडेपस्तीस इंच) आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या (सुमारे साडेएकतीस इंच) वर असेल, तर सावध व्हावे.

सायकल सोडणारे बहुतेकजण महिनाभरात सोडतात. कारण काटा हलत नाही. हिशेब साधा आहे. अर्ध्या तासाच्या सायकलीने साधारण दोनशे-अडीचशे कॅलरी खर्च होतात. परतताना एक वडापाव आणि गोड चहा घेतला की त्या भरून निघतात. तोंडावर ताबा हवाच. तरीही मेहनत फुकट जात नाही. मांड्यांचे मोठे स्नायू काम करू लागले की ते रक्तातील साखर ओढून घेतात, इन्सुलिन अधिक चांगले काम करते, रक्तदाब उतरतो. काटा तोच असला तरी टेप एखादा इंच कमी दाखवते.

जाड व्यक्तीला सायकलचा आणखी एक फायदा आहे. देहाचा बराच भार सीटवर येतो, त्यामुळे पळण्याच्या मानाने गुडघ्यांना त्रास कमी. मात्र सीटची उंची बरोबर हवी. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा. गिअरची महागडी सायकल नको. जुनी, दणकट, काळी सायकल उत्तम. चाकात हवा भरपूर ठेवा. पहिला आठवडा सपाट रस्त्यावर दहाच मिनिटे, मग हळूहळू आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत जावे. चालवताना बोलता यावे, गाणे म्हणता येऊ नये, एवढाच वेग पुरे.

सुरुवातीआधी रक्तदाब व साखर तपासून घ्या. हृदयविकार असेल किंवा चालताना छाती भरून येत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सायकलला हात लावू नका. मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम यांपैकी काहीही झाले, तर तिथेच थांबून ताबडतोब दवाखाना गाठावा.

मात्र सगळी जबाबदारी रुग्णावर ढकलून चालणार नाही. गळीत हंगामात पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉल्या मागे दिवा वा रिफ्लेक्टर नसताना धावतात. कारखान्यांनी प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर सक्तीने लावून घ्यावेत, आणि नगरपरिषदांनी रस्ता आखताना सायकलीसाठी कडेची पट्टी मोकळी सोडावी. तोवर सायकलस्वारांनी उजाडल्यावरच निघावे आणि महामार्ग टाळून आतले रस्ते धरावेत.

भगिनींनाही हेच सांगणे. शाळेत सायकलवर जाणारी मुलगी लग्नानंतर सायकल कायमची का सोडते? तिचे गुडघे आणि तिची साखर यांची काळजी सासर-माहेर दोघांनीही करावी.

लोक हसतील, तर चार दिवस हसतील. औषधाच्या गोळ्या मात्र जन्मभर सोबत राहतात.