दार फिरवा, कर्ज फिटेल!

भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावी कर्जाने वाकलेल्या शेतकऱ्याने उपाय विचारावा आणि ‘घराचे दार पूर्वेला फिरवा’ असा सल्ला त्याला मिळावा, याहून क्रूर विनोद कोणता? दारासाठी गवंडी हवा, गवंड्यासाठी पैसा हवा आणि पैशासाठी पुन्हा सावकाराचाच उंबरठा! मूल होत नसेल तर सुनेने उपास करावेत, तरुण मुलगा खचला तर उतारा टाकावा. तपासणी मात्र कोणाचीच नाही. शहरांतही हेच चालते. फरक केवळ दक्षिणेच्या रकमेचा.

20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा कोठे सरकारला जाग आली. जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला, डिसेंबरात विधेयक संमत झाले. सर्पदंश झालेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरले. परंतु वास्तुशास्त्राचा आणि ज्योतिषाचा सल्ला याच कायद्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवला.

लोक अडाणी म्हणून फसतात, हे सुशिक्षितांचे समाधान खोटे आहे. दुसरे दार उघडे नसते म्हणून ते फसतात. राज्याची चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे; मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतील एकही आले नाही. 2022 साली 14416 हा समुपदेशनाचा दूरध्वनी सुरू झाला, हे चांगलेच. पण दूरध्वनी कर्ज फेडीत नाही.

शनीला दोषी ठरविले की सावकार, व्यापारी आणि शासन तिघेही निर्दोष सुटतात. या सल्ल्याचा खरा लाभार्थी कोण, हे यातच स्पष्ट होते. प्रत्येक आरोग्य केंद्रात समुपदेशक आणि प्रत्येक शेतकऱ्याला वेळेवर पीककर्ज, एवढे झाले तर घराचे दार जिथे आहे तिथेच राहील!