आठ बोटांचा रियाज

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील दोन पियानोवादक आपल्याकडे फारसे परिचित नाहीत. ज्येष्ठांनी ते अवश्य ऐकावेत. मिएचिस्लाव होर्शोव्स्की यांचा जन्म १८९२ चा. दृष्टी अधू झाल्यावरही ते स्मरणाच्या बळावर वाजवीत राहिले. १९९१ मध्ये, नव्याण्णव वर्षांचे असताना, त्यांनी फिलाडेल्फियात अखेरची मैफल केली. प्रागच्या आलिस हेर्त्झ-सोमर यांनी नाझींच्या टेरेझीन छावणीत कैदेत असताना मैफली केल्या. पुढे वार्धक्यात दोन बोटे निकामी झाली, तेव्हा त्यांनी आठ बोटांनी वादन चालू ठेवले. २०१४ मध्ये, ११० व्या वर्षी, त्यांचे लंडनमध्ये निधन झाले.

वादनामुळेच आयुष्य वाढले, असे मी म्हणणार नाही. परंतु हातांत मुरलेले कौशल्य अनेकदा नावे व तारखा विस्मृतीत गेल्यावरही टिकून राहते. म्हणून घरातील ज्येष्ठांची पेटी वा विणकाम ‘आता आराम करा’ म्हणत काढून घेऊ नका. बोटे दुखत असल्यास वेळ कमी करा, नजर मंदावली असल्यास उजेड वाढवा. सांध्यांना सूज किंवा सकाळी दीर्घकाळ ताठरपणा असल्यास तपासणी करून घ्या. आवडीचे काम मात्र शक्य तितके चालू राहू द्या.